पंचफुलाची मलावीची पाहुणी

देगलूरच्या भीमनगरात पंचफुलाच्या दारी कुणी कामाला आला आणि नुसतं काम करून गेला, असं सहसा व्हायचं नाही. मीटर बघायला आलेल्या माणसाला ती आधी ताट वाढायची, मग मीटर दाखवायची. विम्याचा एक एजंट तर तिच्याकडं येऊन येऊन चांगला गोल झाला. विमा मात्र त्याला शेवटपर्यंत विकता आला नाही.

पंचफुला शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. हाताला मोठ्या पातेल्याची सवय. घरात नवरा-बायको दोघंच, तरी भाजी सात-आठ जणांची व्हायची. नवरा नरसिंग येष्टीत कंडक्टर होऊन रिटायर झालेला. तो म्हणायचा, "हिला दोन माणसांचा सैपाक येत न्हाई, म्हणून मला माणसं गोळा करावी लागतेत."

खरं कारण त्यालाही ठाऊक होतं. पंचफुलाच्या लहानपणी तिच्या आईच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नसे. त्यावर पंचफुला कधी बोलायची नाही. पण तिच्या हातचं खाऊन कुणी बोटं चाटली, की ती उगाच पदर सारखा करत चुलीकडं तोंड फिरवायची.

तर दिवाळीनंतरच्या एका सकाळी तिच्या बहिणीचा मुलगा रविकांत ऑटो घेऊन दारात आला. ज्या पोरांना चालताना त्रास होतो, त्यांच्या व्यायामाचं एक केंद्र गावात होतं, तिथं तो कामाला. ऑटोतून एक उंच, काळीभोर, हसऱ्या चेहऱ्याची पोरगी उतरली. कमरेला रंगीबेरंगी कापड लुंगीसारखं गुंडाळलेलं, पाठीवर हे एवढं मोठं बोचकं.

"मावशी, ही चिसोमो. मलावी देशाची. आपल्या पोरांचा व्यायाम घ्यायला स्वतःच्या मर्जीनं आलीय. पगार न्हाई, काय न्हाई."

"मग कशाला आली?"

"किरिस्ताव हाय. देवाची सेवा म्हणून आली." रविकांत जरा घुटमळला. "एका साहेबांच्या गच्चीवरची खोली ठरली होती. त्यांनी आज हिला बघितलं आणि म्हणले, घरी पाहुणे येणार हायत. दोनच दिवस ठेवून घे मावशी. तवर दुसरं बघतो."

पाहुणे का येणार होते, हे पंचफुलाला समजावून सांगायची गरज नव्हती. असले पाहुणे अचानक येतात, हे तिला जन्मापासून ठाऊक. ती रविकांतला म्हणाली, "दोन दिवस कशाला? त्या साहेबाचे पाहुणे जाईपर्यंत राहू दे." आणि पोरीच्या पाठीवरचं बोचकं तिनं स्वतःच ओढून घेतलं.

नरसिंगनं बाहेर येऊन चौकशी केली. "मलावी कुठं आलं?"

"आफ्रिकेत, काका."

"डेपो कोणचा?"

चिसोमोनं पंचफुलाकडं बघितलं आणि म्हणाली, "मायी."

पंचफुला दचकलीच. रविकांतनं सांगितलं, की त्यांच्याकडं मोठ्या बाईला मायी म्हणतात.

"मग एवढं लांब काय सांगून राहिलास?" पंचफुला म्हणाली. "ही आपल्यातलीच की!"

घोटाळा झाला तो जेवणाच्या वेळी. पंचफुलानं ज्वारीची भाकरी, पिठलं आणि वांग्याची भाजी वाढली. चिसोमोनं हात जोडले आणि डोळे मिटले. पंचफुलाला वाटलं, पोरीला चक्कर आली. नाहीतर भाजी आवडली नसेल आणि सांगायला लाजत असेल. म्हणून तिनं घाईघाईनं पिठल्यावर तेल घातलं, शेंगदाण्याची चटणी ठेवली, वर एक भाकरी टाकली. चिसोमोनं "आमेन" म्हणून डोळे उघडले तर ताट दुप्पट झालेलं. तिनं पुन्हा वर बघून दोन शब्द आभाराचे म्हटले. तेवढ्यात आणखी भात पडला.

पोरीनं रविकांतकडून "बस" हा शब्द शिकून ठेवला होता. ती हात आडवा करून म्हणाली, "बस, मायी, बस."

"बसते की," म्हणत पंचफुला तिच्याशेजारी मांडी घालून बसली. आता वाढायला आणखी सोपं झालं.

तरी पोरीनं सगळं खाल्लं. कसं खाल्लं, ते तिचं तिलाच माहीत. रविकांतनं इंग्रजीत विचारलं, नको म्हणता येत नाही का? ती काय म्हणाली ते त्यानं मावशीला सांगितलं. येशूनं आपल्या माणसांना गावोगाव पाठवताना सांगून ठेवलं होतं, की जे घर तुम्हाला ठेवून घेईल तिथंच राहा, आणि पुढ्यात वाढतील ते खा. चिसोमोच्या आजीनं निघताना तिच्याकडून तसं वचनच घेतलेलं.

पंचफुला खूश झाली. "लई शाणा माणूस असंल. सैपाक करणाऱ्या बाईचं दुःख कळत होतं त्याला."

एका गोष्टीवरून मात्र दोघींचं भांडण जुंपलं. चिसोमो पंचफुलाला पाणी द्यायची ती गुडघे टेकून. वडीलधाऱ्या माणसाला उभ्यानं द्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. पहिल्यांदा पंचफुलाच्या अंगावर काटाच आला. लहानपणी गावच्या विहिरीवर कुणी ओंजळीत पाणी ओतायची वाट बघत ती किती वेळ ओणवी उभी राहायची, ते तिला आठवलं. आणि इथं कुणाची कोण लेक आपल्यापुढं गुडघ्यावर!

"उठ! आधी उठ! बाबासाहेबांनी आमचे गुडघे कायमचे उचललेत. माझ्या घरात कुणी कुणापुढं टेकायचं न्हाई."

पोरीला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. ती बिचारी उठली आणि दुसऱ्या दिवशी सवयीनं पुन्हा टेकली. मग पंचफुलानं उपाय काढला. चिसोमोनं गुडघे टेकले, की हीसुद्धा धपकन खाली बसायची. दोघी समोरासमोर बसून पाणी प्यायच्या. हळूहळू ती दोघींची मोठी मौजच झाली. नरसिंग मात्र कंटाळला. त्याला पाणी मिळायला उशीर होई.

रविवारी चिसोमोनं प्रार्थनेला जायचं म्हटलं. मार्केट यार्डाच्या पलीकडं पत्र्याच्या शेडात देवदान पास्टरांची छोटी मंडळी जमायची. पंचफुलानं ठरवलं, पाहुणीला एकटीला कसं सोडायचं? पहिल्या रविवारी ती पायरीवर चपला राखत बसली. दुसऱ्या रविवारी पास्टरांच्या बायकोनं तिला आत नेऊन खुर्ची दिली. प्रवचन अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत. तेलुगू भागात पंचफुला एक डुलकी काढायची. तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर जेवण होतं. भाताचं पहिलंच शीत दाबून बघून ती पास्टरांच्या बायकोला म्हणाली, "बाई, ह्यो भात कच्चा हाय. शंभर माणसाला आधण असं ठेवत न्हाईत." चौथ्या रविवारी चूल तिच्या ताब्यात होती.

झालं! भीमनगरात बातमी पसरली, की पंचफुला किरिस्ताव होऊन राहिली. विहारातल्या महिला मंडळाची अध्यक्ष महामाया तडक घरी आली. महामाया म्हणजे शिस्तीची बाई. वंदनेला एखादीचा सूर वर गेला तरी तिची भुवई वर जायची.

"खरं हाय का, पंचफुला? तू दर ऐतवारी तिकडं जातीस?"

"जाते. पाहुणीला पोचवायला."

"पोचवून माघारी यायचं सोडून आत बसतीस? सैपाक करतीस?"

"महामायाबाई," पंचफुला शांतपणे म्हणाली, "आमचा माणूस तीस वरसं येष्टीत उभा होता. रोज हैदराबादला जायचा. झाला का हैदराबादी?"

महामायाला हसू येत होतं, पण अध्यक्षाला हसून चालत नाही. "आपण बघू मंडळात," म्हणून ती उठली. पंचफुलानं तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. जेवताना महामाया चिसोमोकडं संशयानं बघत होती आणि चिसोमो तिला तिसऱ्यांदा चटणी वाढत होती. पोरगी त्या घरात चांगलीच तयार झाली होती.

डिसेंबरात पोरगी आजारी पडली. ताप उतरेना. देगलूरच्या डॉक्टरांनी नांदेडला न्यायला सांगितलं. टायफॉईड निघाला. पंचफुला शाळेत रजा टाकून दवाखान्यात तिच्या उशाशी बसली. पोरगी डोळे उघडायची, "मायी" म्हणायची, पुन्हा मिटायची. ती कुठल्या मायीला हाक मारते, इथल्या का तिकडच्या, ते पंचफुलाला कळेना. काळजी वाढली की ती नर्सशी भांडायची. त्यानं तिला बरं वाटायचं.

दुसऱ्या दुपारी देवदान पास्टर आले. मागोमाग डबा घेऊन, येष्टीनं धक्के खात, खुद्द महामाया आली. डब्यात मुगाच्या वरणाचं पातळ पाणी होतं. "मंडळाच्या वतीनं आले," ती कुणी न विचारता म्हणाली. पास्टरांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. माणूस मनापासून प्रार्थना करणारा, त्यामुळं ती बरीच लांबली. महामायानं दोनदा डब्याचं झाकण उघडलं आणि लावलं. शेवटी तिला राहवलं नाही.

"पास्टर, जरा आवरतं घ्या. वरण गार होऊन राहिलं."

पास्टर हसले आणि त्यांनी आवरतं घेतलं. ते गेल्यावर चिसोमोनं दोन घोट घेतले आणि पंचफुलाचा हात धरला. एवढ्या दिवसांत तिला थोडं मराठी यायला लागलं होतं. "मायी, तू प्रार्थना कर."

पंचफुला गडबडली. "मी? अगं, आमच्यात तसा देव न्हाई. मागू कुणाकडं?"

"मागू नको. फक्त म्हण."

पंचफुलानं महामायाकडं बघितलं. महामाया खिडकीकडं बघत होती. मग पंचफुलानं डोळे मिटले आणि विहारात रोज म्हणते ती वंदना म्हणायला लागली. आधी पुटपुटत, मग आवाजात. दुसऱ्या ओळीला तिचा सूर घसरला, आणि शेजारून महामायाचा खणखणीत सूर येऊन मिळाला. वॉर्डातली खोकणारी माणसंसुद्धा थांबली. आपल्या पोटच्या लेकरासाठी जसं म्हणावं, तसं पंचफुला म्हणत होती. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती पुसत नव्हती.

संपल्यावर चिसोमो हळूच म्हणाली, "आमेन."

"आमेन न्हाई," महामाया म्हणाली. "साधू, साधू, साधू."

"साधू, साधू, साधू," पोरगी आज्ञाधारकपणे म्हणाली. आणि मग स्वतःच्या समाधानासाठी अगदी बारीक आवाजात पुन्हा, "आमेन." महामायानं ऐकलं, पण भुवई वर केली नाही.

शेजारच्या खाटेवर अहमदपूरकडची साखराबाई नावाची म्हातारी होती. ती कुशीवर वळून म्हणाली, "बायांनो, आवाज ग्वाड हाय. आता एक माझ्या खंडोबाचं बी होऊ द्या. सलाईन मला बी लावलंय."

चार दिवसांनी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. पास्टरांचं म्हणणं तुम्हाला ठाऊकच आहे. महामायानं मंडळाच्या बैठकीत सांगितलं, की गुण वरणाचा. त्याच बैठकीत पंचफुलाचा विषय निघाला, तेव्हा अध्यक्षांनी "वेळ नाही" म्हणून तो पुढं ढकलला. तो अजून पुढंच चालला आहे.

नाताळाला पत्र्याच्या शेडात भीमनगरातल्या अकरा बाया जेवायला होत्या, आणि भात रांधणारी पंचफुला सोडून एकीनंही भाताला नाव ठेवलं नाही.

फेब्रुवारीत चिसोमो आपल्या देशी गेली. घर रिकामं झालं. पंचफुला महिनाभर विनाकारण चिडचिड करत होती. मग एका रविवारी दुपारी रविकांतच्या मोबाइलवर तिकडून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर चिसोमो आणि तिच्यासारखीच हसरी, डोक्याला फडकं बांधलेली तिची आई. दोघी मायी अर्धा तास बोलल्या. एक मराठीत, एक त्यांच्या भाषेत. हिनं शेवग्याचं झाड दाखवलं, तिनं आपल्या कोंबड्या दाखवल्या. कोंबड्यांच्या तब्येतीवर दोघींचं एकमत झालं.

शेवटी आई काहीतरी सावकाश, गंभीरपणे म्हणाली. चिसोमोनं मराठीत सांगितलं, "मायी, आई म्हणते, दर रविवारी आमच्या चर्चमध्ये सगळे उभे राहून प्रार्थनेत तुझं नाव घेतात. पांचापुला."

सात समुद्रापलीकडं, जिथला डेपो नरसिंगलाही सांगता येत नव्हता, तिथली माणसं पंचफुलाच्या नावानं उभी राहत होती. तिनं उगाच पदर सारखा केला.

"त्यांना सांग, लई उपकार झाले," ती म्हणाली. "पण नाव नीट घ्या म्हणावं. पंच-फुला. न्हाईतर पुण्य भलत्याच बाईला जायचं."