डॉल्फिनची बोटं

लूर्डस फर्नांडिस मालवणच्या एका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायची. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चमागच्या खोलीत मुलांना धर्मशिक्षण द्यायची. हे दोन विषय तिनं कधी एकमेकांना भेटू दिले नव्हते. तिची भाची वेनेसा मात्र दोन्ही वर्गांत बसायची. एका रविवारी तिनं विचारलं, "आंटी, शाळेत सांगतस माणूस नि माकड एकाच पूर्वजापासून झाले. हंय सांगतस देवान मातयेपासून केल्यान. खरा खयचा?"

"फुडल्या रविवारी सांगतंय," एवढं बोलून लूर्डसनं वर्ग सोडला.

त्याच आठवड्यात तारकर्लीच्या किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन लागला. लूर्डस वेनेसाला घेऊन गेली. पशुवैद्य तपासणी करत होते. तिनं विनंती केल्यावर त्यांनी वल्ह्यासारख्या पराची कातडी सोलून दाखवली. आत माणसाच्या हातासारखंच दंडाचं हाड होतं, मनगट होतं आणि पाच बोटांच्या ओळी होत्या. ही आकृती तिनं दरवर्षी फळ्यावर काढली होती, प्रत्यक्षात आज पाहत होती. नकळत तिनं क्रुसाची खूण केली.

रविवारी तिनं मुलांना सांगितलं, "आपल्याक कोणी केल्यान, ता आदामाची गोष्ट सांगता. कसा केल्यान, ता हाडां सांगतत. माती मळूक देवान करोडो वर्सां लावल्यान. त्येका कसली घाई?"

वेनेसाचा बाप जॉर्ज, लूर्डसचा थोरला भाऊ, संध्याकाळीच दारात आला. "देवाच्या घरात माकड घुसवू नको गो!" म्हणाला, आणि मुलीला रविवारच्या वर्गातून काढलं. फादरनी त्याला समजावलं की चर्चची याला हरकत नाही.

"तुमची नसात, माझी आसा," जॉर्ज म्हणाला.

लूर्डसनं धडा बदलला नाही. भावाकडे रदबदली करायलाही कुणाला पाठवलं नाही. वर्षभर दोघं चर्चमध्ये एकाच बाकावर बसली, हवापाण्याचं बोलली. वेनेसाची रिकामी जागा दिसली की लूर्डसचं मन वर्गातून थोडा वेळ उडायचं, इतकंच.

पुढं वेनेसाच्या दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराची तयारी आली आणि वर्ग चुकवून चालेना. जॉर्जनं तिला स्कूटरवरून आणून सोडलं.

"बाकीचा सगळा शिकव," तो बहिणीकडे न बघता म्हणाला. "आदामाचा मी तिका घराक सांगतंय."

"सांग. माझाय ती आयकतलीच," लूर्डस म्हणाली.

जॉर्जनं स्कूटर वळवली. वेनेसा आत जाऊन पहिल्या रांगेत बसली.