वजीर परत न्यायचा होता

फोन आला तेव्हा मी नेरच्या बसस्थानकावर पुसदच्या गाडीची वाट पाहत होतो. शर्टाच्या खिशात बुद्धिबळाचा पांढरा वजीर होता. वसरामचा मुलगा एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले..." गाडी लागली, मी चढलो. नाहीतरी त्याच्याकडेच निघालो होतो.

वसराम मला पुसदच्या कॉलेजात भेटला. तांड्यावरून आलेला, अबोल, पण पट मांडला की भारी खवचट. कुणी सुरुवातीलाच वजीर बाहेर काढला की याचे डोळे लकाकायचे. मारायला धावायचा नाही. घोडा काढून वजिराला हाकलायचा, प्यादं सारून पुन्हा हाकलायचा. अशी याची सगळी फौज बाहेर येई आणि समोरच्याचा वजीर बिचारा आसरा शोधत फिरे. "कायले घाई करून राह्यला? घरचे सारे निजेल हायेत अन् तू एकटाच निंघाला लढाले!" म्हणायचा. धरलेला वजीर जिंकणाऱ्याच्या खिशात जायचा आणि पुढच्या डावालाच परत मिळायचा, हा आमचा रिवाज. त्यामुळे पुढची भेट ठरलेलीच असायची.

शेवटचा डाव त्याच्या खाटेवर झाला. डॉक्टरांनी हात टेकले होते. आणि या गृहस्थाने दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर काढला.

"काहून रे?" मी विचारलं.

"आता कोनासाठी राखून ठेवू?"

त्याला जिंकू द्यावं म्हणून मी उंट भलतीकडेच ठेवला. त्याने तो परत घ्यायला लावला. "दया नोको दाखवू मले. हाकल वजिराले." मग हाकलला, त्यानेच शिकवल्याप्रमाणे... आणि कोपऱ्यात कोंडून धरला. तो हसला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. "ने," म्हणाला, "अन् लवकर घेऊन ये." मी उशीर केला असंही नाही, पण त्याच्याकडे तेवढाही वेळ नव्हता.

तेरवीनंतर पुन्हा गेलो. वहिनी मोहरे डब्यात भरत होत्या.

"भाऊजी, एक वजीर तुमच्यापाशी हाये म्हनत होते हे."

तोच द्यायला आलो होतो. हात खिशापर्यंत गेला... आणि तिथेच राहिला.

"घरीच राह्यला, वहिनी. पुढच्या खेपेले आनतो."

खिशातला फुगवटा त्यांना दिसत असणारच. झाकण न लावताच त्यांनी डबा फळीवर ठेवला.