गोदाक्कांचा हिसका

मणी सांडले की एकदा झाडून भागत नाही. एक आज दारामागे सापडतो, एक उद्या डाळीच्या डब्यात, आणि परवा एखादा पायाखाली येऊन आपल्याला भर पाहुण्यांत लोटांगण घालायला लावतो. आमच्या मंडळाचे किस्सेही तसलेच. संपले म्हणावं, तर कोणीतरी कपाट सरकवतं आणि आणखी एक निघतो! आणि गंमत बघा, निघालेल्या प्रत्येक किश्श्यात नाक कापलेलं असतं ते माझंच.

साठ सालाच्या आसपासच्या गोष्टी ह्या. चिकपेटेत गोदाक्कांच्या माडीवर आम्ही बायका दुपारच्या जमायचो आणि मण्यांच्या माळा करून विकायचो. गोदाक्का बेंगळुरातल्या पिढीजात मराठी. त्यांचं माहेर पटवेकऱ्यांचं, म्हणजे दागिने रेशमात गाठवून देणाऱ्यांचं. मी सांगलीहून लग्न होऊन आलेली. सुईत दोरा ओवला तरी सासूबाई कौतुकाने शेजारी सांगून यायच्या, यावरून काय ते समजा.

माळ ओवणं सोपं हो, कोणीही ओवेल. खरी मेख शेवटाला. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणायचा, टोकाला गाठ मारायची, गाठीवर मेणवलेलं रेशीम गुंडाळायचं आणि गोंडा सोडायचा. मग अक्का माळ दोन्ही हातांत धरून एक हिसका द्यायच्या. टिकली तर म्हणायच्या, "सरी!" कानडीत सरी म्हणजे ठीक. ज्या बाईला हे सरी मिळालं, ती पुढे माळांचे शेवट करणार. जिला नाही मिळालं, तिने मणी ओवायचे आणि सगळ्यांची कॉफी करायची.

मी कॉफी फार सुंदर करायला लागले!

*

माझ्या पहिल्या गाठीची कथा तर सगळ्या गल्लीला ठाऊक.

अक्कांनी हिसका दिला आणि माझी माळ फुटाण्यांसारखी उडाली. मणी माडीभर झाले, जिन्यावरून टणाटण उड्या मारत खाली गेले, आणि खालच्या कापडवाल्याच्या गादीवर, एका गिऱ्हाइकासमोर पसरलेल्या धर्मावरमच्या साडीवर जाऊन विसावले. मी धावत खाली जाऊन एकेक वेचून आणला. गिऱ्हाईक बाईंनी तर साडी उलटून विचारलं, "हे मणी साडीवर बसवूनच देता का?"

पुढे कित्येक महिने वर जरा काही खुट्ट झालं, पातेलं जरी पडलं, तरी खालून कापडवाल्याची हाक यायची,

"अक्का, सुमतीबाई आल्या वाटतं!"

*

बाहेर किंमत नसली तर माणूस घरात मोठेपणा करायला जातो. मी माझ्या नणंदेला पिवळ्या बारीक मण्यांची माळ भेट दिली. अक्कांना दाखवलीच नाही, म्हणजे हिसक्याचा प्रश्न मिटला!

नणंदेने ती कौतुकाने चैत्रातल्या हळदीकुंकवाला घातली. डाळीच्या कोसंबरीचं, म्हणजे कोशिंबिरीचं, पातेलं घेऊन ती वाढायला वाकली, आणि माझ्या गाठीने नेमका तोच मुहूर्त साधला. भिजवलेली मुगाची डाळ पिवळी, मणी पिवळे. कोणाला काही कळलंच नाही. मला कळलं, पण सांगणार कोणत्या तोंडाने?

शेजारच्या एक वयस्कर बाई बराच वेळ चावत होत्या. शेवटी त्यांनी तोंडातून एक मणी काढला, डोळ्यांशी धरून नीट पाहिला आणि नणंदेला म्हणाल्या,

"डाळ स्वल्प आणखी भिजवायची होतीस गं!"

*

आता आमच्या ह्यांचा पराक्रम ऐका. हे कारखान्यात मशीनवर. माझं रोजचं रडगाणं ऐकून म्हणाले, "तुमच्या त्या रेशमाच्या गाठी सोड. मी हुक करून देतो. उघडलं तर नाव सांगणार नाही!"

केलं. पितळेचं, चांगलं जाडजूड. अक्कांनी हिसका द्यायच्या आत, प्रयोग म्हणून मी ते पोवळ्यांच्या माळेला लावून के. आर. पुरमच्या एका बाईंना विकलं. नाव सांगणार नाही म्हणाले होते, त्याप्रमाणे ते उघडलंच नाही. म्हणजे अजिबातच उघडलं नाही!

बाईंनी स्वतः ओढून पाहिलं, नवऱ्याने तेल घालून पाहिलं, सोनाराने चिमटा लावून पाहिला. डोक्यातून काढावी तर हनुवटी आड, दोरा कापावा तर तिन्ही पदर सांडायची धास्ती. त्यात त्यांच्या चुलतसासऱ्यांचं निधन झालं. भेटायला जाणं भाग. बिचाऱ्या पांढरं लुगडं नेसून गेल्या, आणि गळ्यात ही लालभडक तीनपदरी पोवळी! तिथे जमलेल्या बायका रडायच्या थांबून माळच बघत राहिल्या.

तिथून त्या थेट गाडी पकडून माडीवर आल्या आणि म्हणाल्या, "माळ छान आहे. आता मला सोडवा."

कारखान्यातून बोलावून आणलेल्या ह्यांनी त्यांना खुर्चीत बसवून कानस चालवली. पितळेचा भुगा पदरावर पडत होता आणि हे अभिमानाने सांगत होते, "पाहिलंत ना, मटेरियल कसं आहे!"

*

नायलॉनचं थोडक्यात सांगते, कारण तेवढीच माझी इज्जत राहील. नवा दोरा, नवी फॅशन म्हणून मीच तो आणला. त्याची गाठ निसरडी. ती वितळवून पक्की करायला मी देवापुढची पेटती उदबत्ती उचलली. गाठ काही पक्की झाली नाही. सासूबाईंच्या खास जपून ठेवलेल्या साडीला मात्र नवी बुट्टी मिळाली.

*

मग माझ्या डोक्यात आलं नेलपॉलिश. गाठीवर एक थेंब टाकला की गाठ सुटत नाही, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. पण दुकानातून मी आणलं ते लालभडक! बाटली पाहून अक्का कडाडल्या, "अय्यो! माझ्या माडीवर हे नटव्यांचं सामान?"

पुढे एक दिवस अक्का एका लग्नाला गेल्या होत्या, तेवढ्यात वत्सलाने, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जास्त खिदळणाऱ्या बाईने, आणि मी मिळून टोपलीतल्या सगळ्या तयार माळांच्या गाठी लाल करून टाकल्या. वत्सलाच्या गाठी मुळातच पक्क्या, पण तिला रंगवायची हौस. अक्का परत आल्या, त्यांनी पाहिलं, आणि दोघींना असं काही फैलावर घेतलं की वत्सलासुद्धा हसायची थांबली.

टोपली फेकून देणार, तोच एक म्हाताऱ्या बाई माळ घ्यायला आल्या. लाल गाठ त्यांनी निरखून पाहिली, डोळ्यांना लावली आणि गहिवरून म्हणाल्या,

"आजकाल गाठीला कुंकू लावून देतं कोण? मला चार द्या, घरात सुना आहेत."

अक्कांनी माळा बांधून दिल्या. बाई जिना उतरून गेल्याची खात्री केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती बाटली स्वल्प इकडे दे."

पण 'सरी' म्हणाल्या नाहीत हो! बाटलीला मान मिळाला, मला नाही. त्या दिवशी घरी जाताना मला खरंच रडू आलं. सोनं नको, नाणं नको, एवढा एक शब्द हवा होता मला त्या बाईच्या तोंडून.

*

आणि आता शेवटची.

एका लग्नाची मोत्यांची माळ करायची होती. नवरीची आई सकाळीच जटका, म्हणजे इथला टांगा, खाली उभा करून येऊन बसलेली. संध्याकाळी सीमांतपूजन, त्याला माळ हवीच. नेमकं अक्कांच्या बोटाला नखुरडं झालेलं, बोट वांग्याएवढं सुजलेलं. वत्सला माहेरी. माडीवर शेवट करायला उरलं कोण? मी!

अक्कांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि मोती माझ्या हातात दिले. "दोरा अंगठ्याला अडकव गं. जोडव्याला नको."

"हो अक्का."

मी पाटावर बसले. अंगठ्याला घामामुळे दोरा टिकेना. सारखा निसटे. समोर नवरीची आई घड्याळ बघत होती. दोरा कुठेतरी घट्ट बसला एवढं कळलं. मग मी जी गाठ मारली, जे रेशीम गुंडाळलं, जो गोंडा सोडला! आयुष्यात असं काम हातून झालं नव्हतं. लाल थेंबसुद्धा टाकला.

अक्का समोर बसल्या. चांगल्या हाताने त्यांनी माळ धरली.

हिसका!

गाठ टिकली.

अक्कांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी दातओठ खाऊन दुसरा हिसका दिला. गाठ टिकलीच, पण मी पाटासकट हातभर पुढे सरकले!

अक्कांनी माळेकडे पाहिलं. माळेच्या मागोमाग दोऱ्याकडे पाहिलं. दोऱ्याच्या मागोमाग माझ्या पायाकडे पाहिलं. माळेचा फास माझ्या जोडव्यातून ओवून पक्का झाला होता. आणि ते जोडवं म्हणजे सासूबाईंनी लग्नात बसवलेलं, साबण लावूनही निघत नसे. शिवाय सवाष्णीने ते काढायचं तरी कसं?

अक्कांनी पुन्हा एकदा गाठ चाचपली. आणि म्हणाल्या,

"सरी!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात अक्कांनी कात्री उचलली. मी झटकन पाय लुगड्याखाली ओढून घेतला. मोतीही सळसळत आत आले.

"अक्का, कापू नका! पाया पडते तुमच्या! एवढी एकच तर टिकली हो!"

"अहो, सीमांतपूजन आहे आज!" नवरीची आई रडकुंडीला आली. "माझ्या माळेचं काय ते सांगा!"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग हातातल्या कात्रीकडे. मग त्यांनी कात्री हळूच खाली ठेवली, पदर सावरला आणि नवरीच्या आईला म्हणाल्या,

"माळ तयार आहे हो. खाली जटका उभा आहे ना? हिलाही त्यात बसवा आणि घेऊन जा!"