काशाची वाटी

सातवा महिना लागला आणि सासूबाईंनी स्वयंपाकघरात आदळआपट सुरू केली. मी ओट्याशी भाजी चिरत असले की मागे धाडकन पातेलं पडायचं. कधी ओगराळं, कधी ताटांची अख्खी चळत. दचकून वळावं तर बाई निवांत उभ्या, नजर माझ्यावर खिळलेली. 'अगंबाई' नाही की 'सुटलं हातातून' नाही. सासूने भांडी आपटली की सुनेने काय समजायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मी तेच समजले.

माझा स्वभाव मुळात संशयी. दूधवाला दोन दिवस जास्त गोड बोलला की मी दूध उकळायच्या आधी चाखून बघते. कर्जतला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून त्या संशयाला जरा मान मिळतो, एवढंच. पण त्या वर्षी तसं कारणही होतं. आधीची दोन बाळं राहिली नव्हती. दोन्ही वेळा चौक गावच्या दवाखान्यात पडद्यावर लुकलुकणारा ठिपका दाखवून 'ठोके छान आहेत' असं सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा पुढच्या तपासणीला तो ठिपका गप्प होता.

त्यामुळे तिसऱ्या खेपेला डॉक्टर 'ठोके छान' म्हणाल्या तेव्हा मी हसलेसुद्धा नाही. नुसत्या ठोक्यांवर किती भरवसा ठेवायचा, हे मला माहीत होतं. मी दर वर्षी मुलांना गावठी अंड्यातलं तिसऱ्या दिवसाचं पिल्लू दाखवते. पिल्लू कसलं, बलकावर रक्ताच्या चार रेघा आणि मधे उडणारा लाल ठिपका. मुलं विचारतात, मॅडम, याला कोण उडवतंय? कोणीच नाही. हृदयाचा स्नायू आपला आपण आकसत असतो. तोवर तिथे एकही मज्जातंतू पोचलेला नसतो.

ते मागाहून येतात. पाठीच्या कण्याजवळून, मेंदूच्या तळाकडून निघतात आणि वाट शोधत येतात. उंदरांच्या गर्भात असं दिसलंय, की हृदयावरच्या शिरा एक द्रव्य सोडतात आणि तंतूंची टोकं त्याच्या मागावर सरकतात. आधी वरच्या शिरांच्या कडेकडेने, मग आत. चुकीच्या जागी गेले तर दुसरी द्रव्यं त्यांना मागे लोटतात. पोचल्यावर काही तंतू हृदयाला पळवतात, काही आवरतात. तेव्हा कुठे त्या हृदयाला बाहेर काय चाललंय ते कळतं, भीती वाटली की ते धावतं. तोवर ते रिकाम्या घरात एकट्यानेच बडबडत असतं. मला ठोके ऐकायचे नव्हते. हाक मारली तर ते ओ देतं का, एवढंच मला हवं होतं.

सासूबाई खालापूरकडच्या. पहिल्या वेळी त्यांनी महिना भरायच्या आत आळीभर साखर वाटली होती. नंतर त्याच आळीतून मान खाली घालून मला जावं लागलं. म्हणून या वेळी मी बजावलं, "आई, पोटातल्याबद्दल मला एक शब्दही विचारायचा नाही." त्या "बरं" म्हणाल्या आणि खरंच त्यांनी काही विचारलं नाही. मला त्याचाही संशय आला. इतकं गप्प राहणारं माणूस आतून काहीतरी शिजवत असतं. त्यात ही आदळआपट. नवरा रसायनीला कारखान्यात पाळीवर जातो, त्याला म्हटलं, "तुझी आई भांड्यांवर माझा राग काढते." तो म्हणाला, वय झालं, सुटत असेल हातातून. पण या बाईच्या हातून तांदूळ निवडताना दाणा सांडत नाही.

आठव्या महिन्यात डॉक्टरांनी पोटाला पट्टा बांधून करायची तपासणी सांगितली. बाळ हललं की त्याचे ठोके वाढायला हवेत आणि कागदावरची रेघ चढायला हवी. म्हणजे तंतू पोचले आणि कामाला लागले. नेमकी त्या दिवशी नवऱ्याची सकाळपाळी होती, म्हणून सासूबाई सोबत आल्या. रिक्षात त्यांची पिशवी सारखी खणखणत होती.

"काय आहे आई त्यात?"

"काय नाय गं. शिऱ्याचा डबा."

डबा असा वाजत नाही. कुठल्यातरी भगताकडून काहीतरी आणलंय, माझी खात्रीच झाली.

दवाखान्यात पट्टा बांधला. वीस मिनिटं रेघ सपाट. एकशे अडतीस, एकशे अडतीस. बाळ सकाळपासून हललंही नव्हतं. "झोपलंय वो मॅडम," नर्स म्हणाली, "कायतरी गोड खावा." शिरा खाल्ला. आणखी दहा मिनिटं गेली, रेघ तशीच. "डॉक्टरांना बोलावते," असं म्हणताना तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. मागच्या वेळच्या नर्सनेही असंच केलं होतं. वर्गात फळ्यावर काढलेल्या सगळ्या वाटा मला आठवल्या आणि वाटलं, यातली एखादी मधेच चुकली असेल. मी घाबरले. मला रडू फुटलं.

तेव्हा सासूबाई स्टुलावरून उठल्या. पिशवीतून त्यांनी काशाची वाटी आणि चमचा काढला. दाराकडे निघालेली नर्स "आजी, हे काय," म्हणेपर्यंत त्यांनी वाटी माझ्या पोटाशी धरली आणि चमच्याने एकदाच ठण्णकन वाजवली.

माझं सगळं पोट उसळलं. एकशे अडतीस. शेहेचाळीस. पंचावन्न. एकशे त्रेसष्ट. रेघ चढली, जरा वेळ वर राहिली आणि हळूहळू खाली आली. पळवणारे पोचले होते, आवरणारेही पोचले होते.

"उठलं की वो," नर्स हसली.

"आमच्याकडं पोर जल्मलं की कानाशी वाटी वाजवत्यात," सासूबाई म्हणाल्या. "दचकलं म्हंजे जागं हाय. मी बोलले, आधीच वाजवून बघावं. घरी भांडं पडलं की तुझा हात पोटावर जायचा. मंग मला कळायचं, हाललं. तू विचारू नको बोललीस ना."

मला त्यांच्याकडे बघवेना. दोन महिने मी त्या बाईशी मनातल्या मनात भांडत होते.

पण स्वभाव कुठे जातो? ते आपसूकही जागं झालं असेल. एका वेळेवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मीच मुलांना शिकवते. डोळे पुसून मी म्हटलं, "आई, अजून एकदा वाजवा."

त्यांनी वाटी पदराने पुसली आणि पिशवीत ठेवून दिली.

"नाय," त्या म्हणाल्या. "एकदा बोललं ना ते. सारखं सारखं नाय विचारायचं."