मंगलचे दहा प्रश्न

तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत भरतीच्या सगळ्या नोटिसा माझ्याच मशीनमधून निघायच्या, त्यामुळे किस्से साचतच गेले. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा भीती वाटायची. कारण मी स्वतः फक्त मॅट्रिक!

*

शिपायाच्या जागेला एक बी.ए. आला. साहेबांनी विचारलं, "चहा करता येतो का?"

"नाही सर, सिलॅबसमध्ये नव्हता!"

तरी त्यालाच घेतलं. त्या दिवशी घरी जाताना मी सारखी माझ्या खुर्चीचाच विचार करत होते.

*

पॅकिंगचे सुपरवायझर कदमकाका साताऱ्याकडचे, सातवी पास. त्यांचा रोजचा रिपोर्ट पॅकिंगमधली मंगल लिहायची, काका खाली सही ठोकायचे. "डोकं माजं, अक्षर तिचं," म्हणायचे.

मंगल माझ्या कानात सांगायची, "ताई, डोकंपण माझंच हाय!"

*

काकांनंतर ती जागा मंगलला हवी होती. अट दहावीची. तिनं रात्रशाळेतून दहावी केली, तर साहेब मला म्हणाले, "बाई, आता बारावीवाले हवे तेवढे मिळतात. अट बदला." मी बदलली. ती बारावी होईपर्यंत मी 'पदवीधर' टाइप केलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

"असू दे ताई. तुमी काय करणार?" म्हणाली, आणि बाहेरून बी.कॉम.ला बसली.

*

मध्येच स्थळ आलं. मुलगा बारावी. त्याची आई म्हणाली, "एवढी शिकलेली सून नको. परीक्षा सोडणार असेल तर बोला."

नोकरीला शिक्षण कमी, लग्नाला जास्त! मंगलनं परीक्षा दिली. स्थळ गेलं.

*

काका रिटायर व्हायला आले, तोवर मंगल बी.कॉम. झाली होती. मुलाखतीला दोघंच, ती आणि बाहेरून आलेला एक बी.कॉम. मुलगा. साहेबांनी काकांना कामाचे दहा प्रश्न काढायला सांगितले. काकांनी नेहमीच्या सवयीनं ते मंगलकडूनच लिहून घेतले!

मी टिपणं घ्यायला बसले होते. साहेबांनी अक्षर ओळखलं तर, या धास्तीनं मी त्या कागदाकडे बघायचंच टाळलं. मुलाला दहापैकी तीनच प्रश्नांची उत्तरं आली.

"लग्न?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"पुढच्या महिन्यात, सर."

"वा! म्हणजे जबाबदारी आली. नोकरी हवीच."

मंगलला दहाच्या दहा आले. साहेबांनी कागद बाजूला ठेवला. "लग्न?"

"ठरलं नाही, सर."

"ठरेल की. मग नोकरी सोडशील."

साहेबांशेजारी बसलेले कदमकाका चुळबुळले. "साहेब, ह्यो प्रश्न कागदावर न्हाई."

संध्याकाळी मी त्या मुलाच्या नावाची ऑर्डर टाइप केली. कागद काढणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, "थांबा बाई, खाली एक ओळ टाका. पहिले तीन महिने काम मंगलकडून शिकून घ्यावे."