झाकणाखाली बाबा

आमच्या बाबांच्या अस्थी माझ्या पिकअपमध्ये अडकल्या होत्या, आणि त्या अडकवून घ्यायला गाडी मी स्वतः चालवत चारोटीला नेली होती.

हे वाक्य मी ज्या बाईला पहिल्यांदा सांगितलं ती आधी रडली, मग पदर तोंडाला लावून हसली आणि मग हसले म्हणून पुन्हा रडली. आमच्या घरातही त्या दिवसांत सगळ्यांचं असंच चाललं होतं.

तलासरीला माझी कलमांची नर्सरी आहे. चिकू, आंबा, लिंबू पोचवायला एक सेकंडहँड पिकअप घेतली. तिच्या मागच्या हौद्यावर फायबरचं भक्कम झाकण. बिजागऱ्या केबिनकडे, मागून उचलायचं, डिकीसारखं. आधी झाकण उचलायचं, मगच मागचा फाळका पडतो. म्हणजे झाकण बंद तर सगळंच बंद! कोणाच्या बापाला आत हात घालता येणार नाही, अशी फुशारकी मी गावभर मारली होती. (जिभेला काही हाड!)

आता बाबा. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन सायकली आणल्या. एक त्यांची, गिअरवाली, उंच सीटची. दुसरी आईची, पुढे बास्केट असलेली. आईला आयुष्यात सायकल माहीत नव्हती. शाळेच्या मैदानात बाबा मागून कॅरिअर धरून पळायचे आणि आई ओरडायची, "सोडू नका हो! सोडलंत तर बघा!" शिकली मात्र. पण तलासरीत सायकल चालवायची कुठे? हायवेला ट्रक अंगावर येतात. तेव्हा बाबांनी बेत केला. पिकअपला मागे रॅक लावायचा, दोन्ही सायकली टाकायच्या, डहाणूला जायचं आणि दोघांनी समुद्राकडेने जोडीने सायकल चालवायची. "येत्या रविवारी पक्कं," म्हणाले. आणि त्या रविवारच्या आधीच, सकाळी चहा पिता पिता, कप हातात असताना गेले. आईने कप काढून घेतला तेव्हा तो गरम होता.

मी एकुलती एक. अग्नी मी दिला. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या, पांढऱ्या फडक्यात पुरचुंडी बांधली, ती तांब्याच्या कलशात ठेवली. आता हा कलश घरात आणायचा नसतो. लोक बाहेर झाडाला टांगतात.

"आंब्याला टांगू," वेवजीचे काका म्हणाले. हे बाबांचे धाकटे भाऊ. घरात काहीही झालं की सूचना यांची, मेहनत दुसऱ्याची.

"झाडाला नको," आई म्हणाली. "त्यांना उंचावर चक्कर येते."

शेवटी ठरलं, पिकअपमध्ये ठेवायचं. गाडी अंगणात, म्हणजे घरात नाही आणि घराबाहेरही नाही! झाकणाखाली कलश ठेवला. आई रोज संध्याकाळी जाऊन झाकणावर हात ठेवून उभी राहायची आणि दिवसभराच्या बातम्या सांगायची. कोण आलं होतं, कोणी किती वेळ रडलं, कोणाचं रडणं खोटं होतं.

मग एक दिवस तिने मला सांगितलं, "सुनी, मला त्यांनी समुद्राकडेने सायकलवर न्यायचं कबूल केलं होतं. ते राहिलं. आता मी त्यांना नेते. माझ्या बास्केटमधून. त्यांची सायकलपण घे, ती एकटी घरी कशाला?"

आईने एवढ्या दिवसांत काही मागितलं नव्हतं. जेवण मागितलं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. हे मागितलं. म्हटलं, काही झालं तरी हे व्हायलाच पाहिजे.

रॅकसाठी मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. त्यात एक गोरा माणूस पिकअपवर सायकली चढवत होता आणि प्रत्येक वाक्यात 'बाईक रॅक, बाईक रॅक' म्हणत होता. मला वाटलं, या वस्तूचं नावच ते! लगेच चारोटीच्या जयंतीभाई वेल्डरला फोन लावला.

"जयंतीभाई, पिकअपला बाईक रॅक पाहिजे. दोन बाईक न्यायच्यात."

"कशी बाईक छे, बेन?"

"एक गिअरची आहे, एक लेडीज."

"समजलं, समजलं! एक मोटरसायकल, एक स्कूटी."

हे शेवटचं वाक्य तो बोलला तेव्हा बाजूने कंटेनर गेला असणार. मी ऐकलंच नाही. मी म्हटलं, "हो हो, मजबूत करा. आणि वर झाकण आहे, त्याला भोक पाडू नका."

"बेफिकर राहा!"

गाडी घेऊन मी चारोटीला गेले. बाबा मागे होतेच. जयंतीभाईने विचारलं, "गाडीत काय माल छे?"

"माल नाही. फक्त बाबा आहेत."

त्याने केबिनमध्ये डोकावून पाहिलं, कोणी नाही. माझ्याकडे पाहिलं. पांढरी साडी, सुजलेले डोळे. मग सरळ कामाला लागला.

मी समोरच्या हॉटेलात चहा घेत बसले. परत आले तर गाडीवर पूल उभा! ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड लोखंडी चॅनल, आडव्या पट्ट्या, चाकं बसायला पन्हळी. सगळं झाकणाच्या वरून, झाकणाला न शिवता.

"हत्ती ठेवा, बेन!" जयंतीभाई घाम पुसत म्हणाला. "आधी बोल्ट मारले. पछी विचार केला, एवढं वजन, बोल्टवर भरोसा नाय. वेल्ड मारून टाकलं! बाईक कुठे छे?"

"सायकली घरी आहेत."

"सायकली?"

"हो, त्याच."

त्याने डोकं खाजवत एकदा त्या पुलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चालेल. सायकल पण बसेल. पळून थोडी जाणार!" आणि मी, अक्कलशून्य बाई, खूश होऊन गाडी घरी आणली. भोक नाही पाडलं म्हणून त्याचे आभारसुद्धा मानले!

विसर्जनाच्या सकाळी काकांनी सायकली वर बांधल्या. त्या अवाढव्य पन्हळीत त्या बिचाऱ्या पाळण्यात काडेपेट्या ठेवाव्यात तशा दिसत होत्या. आई तयार होऊन आली. साडीवर बाबांनी सायकलसाठी घेऊन दिलेले स्पोर्ट्स शूज.

"त्यांना मागे नको," ती म्हणाली. "पुढे माझ्या मांडीवर घेते."

मी किल्ली फिरवली, झाकण उचललं. ठक्! झाकण जेमतेम तीन बोटं वर येऊन वरच्या चॅनलला आपटलं. पुन्हा उचललं. ठक्! आत कलशाने मंद आवाज केला.

काका पुढे आले. "सुनी, वरचे बोल्ट काढ."

"वेल्ड केलंय."

"कशाला?"

"हत्तीसाठी."

"बरं, मग झाकणाचे बोल्ट काढ."

"ते आतून आहेत."

"आत कोण आहे?"

"बाबा."

"मग दादालाच सांग की, तो पाना घेऊन..." काका बोलता बोलता थांबले. घरात काहीही अडलं की आजवर पाना घेऊन बाबाच यायचे. काका अंगणाच्या टोकाला गेले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ चिकूच्या झाडाकडे पाहत राहिले.

आई मात्र खंबीर. "चारोटी वाटेतच आहे. कापून घेऊ."

चारोटीला जयंतीभाईने ग्राइंडर काढला, चाक फिरलं, ठिणग्यांचा फवारा उडाला, आणि आई स्पोर्ट्स शूजनिशी गाडीसमोर आडवी उभी राहिली.

"बंद करा ते! आत माझे मिस्टर आहेत!"

जयंतीभाईच्या हातून ग्राइंडर पडता पडता राहिला. "मिस्टर? आत?"

"अस्थी आहेत," मी म्हटलं.

"अरे बाप रे! बेन, तुम्ही सांगितलं नाय!"

"सांगितलं होतं! बाबा आहेत म्हणून!"

"मला वाटलं कोणी बाबाचा फोटो छे, साईबाबा, असं काही!" त्याने चप्पल काढून झाकणाला हात जोडले. मग हळूच म्हणाला, "ओला गोणपाट टाकतो वर. गॅसने कापू. ठिणगी आत जाणार नाय."

"नाही," आई म्हणाली. "एकदा अग्नी दिलाय त्यांना. पुन्हा नाही."

तेवढ्यात डहाणूहून गुरुजींचा फोन. "कुठे आहात? भरती उतरायला लागलीय. नंतर चिखलात जाऊन बसावं लागेल!"

निघालो. मी गाडी चालवत मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. बाईच्या नवऱ्याला तिच्या हातात देता येईना, आणि कशामुळे, तर तिच्या मुलीने सायकलला बाईक म्हटलं म्हणून! एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

किनाऱ्याच्या रस्त्याला, सुरूच्या झाडांपाशी गाडी उभी केली. गुरुजी पुढे लांब, पाण्याजवळ. काकांनी झाकण जेवढं उचललं जाईल तेवढं उचलून धरलं. मी फटीतून हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि बसला. पुढे जाईना, मागे येईना! बोटांना कलशाचा गळा लागत होता.

"काका, हात अडकला."

"आता तूपण?" काका हताश होऊन म्हणाले.

खोबरेल तेल ओतून, ओढून, ओरडून हात सुटला. मग काकांनी प्रयत्न केला, त्यांचं मनगटसुद्धा जाईना. तेव्हा आई पुढे आली. "सरका," म्हणाली. तिने हात फटीत घातला आणि तो खांद्यापर्यंत सरळ आत गेला. कलश फटीतून निघणार नव्हता. तिने आतल्या आत चाचपून पुरचुंडी बाहेर काढली, आणि आपल्या मोकळ्या मनगटाकडे बघत राहिली.

"बांगड्या असत्या तर गेला नसता हात," ती म्हणाली.

काकांनी झाकण सोडून दिलं. वर चढून त्यांनी सायकली सोडवल्या आणि खाली घेतल्या.

मग आईने पुरचुंडी बास्केटमध्ये ठेवली, भोवती रुमाल खोचला आणि सायकलवर बसली. बाबांची सायकल मी घेतली. सीट एवढी उंच की माझे पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि मी सायकल चालवून जमाना झाला होता. आई पुढे. मी मागून, वेडीवाकडी, "आई, हळू गं!" करत. ती ऐकत कुठे होती? ती बास्केटशी बोलत होती. "वारा बघा केवढा आहे. टोपी घाला म्हणून मी सांगत होते ना? ते बघा, होड्या. हं, आता उतार आला, ब्रेक लावते, घाबरू नका." तिला धाप लागली होती, पण ती कुठे थांबली नाही. शेवटपर्यंत तिने त्यांना स्वतः नेलं.

विसर्जन झालं. गुरुजींनी सांगितलं तसं मी पाण्यात उभी राहून पुरचुंडी सोडली. लाट आली आणि घेऊन गेली. आम्ही ओल्या पायांनी सायकलींपाशी आलो. आईने पदर पिळला, स्टँड काढला आणि सवयीने मान न वळवताच म्हणाली, "चला हो, निघू या."

कोणी 'हो' म्हणालं नाही. आई तशीच उभी राहिली, हँडल धरून.

मला ते बघवेना. घाईघाईने मी बाबांच्या सायकलवर चढले आणि मोठ्याने म्हटलं, "चला, चला!" पाय टेकला नाही, चाक वाळूत रुतलं आणि मी सायकलीसकट आडवी! आणि तिथेच मला रडू फुटलं. एवढ्या दिवसांत आलं नव्हतं ते सगळं. हंबरडाच फोडला मी, भर किनाऱ्यावर.

शहाळी विकणारी एक आजी धावत आली. "लागलं का गं बाय?"

"लागलं," मी म्हटलं. "खूप लागलं."

"कुठं लागलं?"

मी गुडघा दाखवला. तिने हातातल्या शहाळ्याचं पाणी ओतून गुडघा धुतला, बारीक डोळे करून जखम शोधली आणि फुंकर घातली. गुडघ्याला साधं खरचटलंही नव्हतं. तरी मी, एवढी मोठी घोडी, "इथे, अजून जरा इथे," म्हणत तिच्याकडून फुंकर घालून घेत राहिले.