मीनलताईने अडवलेला डोस

मीनलताई काल सकाळी गेली.

आणि मला रडू यायच्या आधी भीती वाटली.

तुमच्यातले बरेच जण तिला ओळखत नाहीत, म्हणून सांगते. आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, फूलबागेजवळ ऑफिस आहे. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. पेशंटचं वजन, वय, रक्ताचे रिपोर्ट भरले की औषधाचा डोस किती, ते स्क्रीनवर येतं.

ताई तिथे टेस्टिंगची हेड. मी कॉलेजातून थेट तिच्या शेजारच्या खुर्चीत.

रागवायची हिंदीत, लाड मराठीत.

युनिट टेस्ट म्हणजे कोडच्या एका छोट्या तुकड्याला प्रश्न विचारायचा आणि उत्तर बरोबर येतं का ते बघायचं. ताईचे प्रश्न भलतेच असायचे. वजन शून्य टाकलं तर? वय चुकून दोनदा टाइप झालं तर? रिपोर्टच नसेल तर?

मग एआय एजंट आला, स्वतःच कोड आणि टेस्ट लिहिणारा प्रोग्राम.

आम्हाला ज्या टेस्टना महिना लागायचा, त्या तो दुपारच्या चहापर्यंत लिहून टाकायचा. खरं सांगते, मला मजाच वाटली. कोड बदलला, टेस्ट फेल झाली, की दुरुस्तीही तोच करायचा. आम्हाला दिसायच्या नुसत्या टेस्ट पास झाल्याच्या हिरव्या खुणा.

ताईने मीटिंगमध्ये विचारलं होतं, "फेल झाल्यावर त्याने कोड सुधारला की टेस्टच बदलली, हे कोण बघतंय?"

आमचे बॉस, सर, म्हणाले, "मॅडम, सब ग्रीन है। फिर टेंशन किस बात का?"

त्यानंतर लवकरच ताई आजारी पडली. ताप उतरेना. रक्तात इन्फेक्शन निघालं. कंपू भागातल्या एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं.

त्या दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. भाऊजी औषधं आणायला खाली गेले होते. सिस्टर टॅबलेट कॉम्प्युटर घेऊन आली, त्यात वजन-वय भरलं.

ताई उशीवरूनच म्हणाली, "आपलंच सॉफ्टवेअर आहे ना ग हे?"

थोडा अभिमान होता आवाजात. मलाही वाटला.

मग तिने नीट बघितलं.

"सिस्टर, किडनी की रिपोर्ट आ गई क्या?"

"नहीं दीदी, शाम को आएगी।"

"तो फिर डोस कैसे आ गया?"

"पता नहीं दीदी। स्क्रीन पे यही आ रहा है।"

इंजेक्शन भरून तयार होतं.

ताईने माझं मनगट पकडलं. "केतकी, थांबव तिला."

ऑफिसात सर्व्हर बंद पडला तरी आधी चहा संपवणारी ही बाई. आता उशीवरून अर्धी उठली होती.

मी सिस्टरच्या आडवी उभी राहिले. अक्षरशः. डॉक्टर आले, स्क्रीन बघितली, म्हणाले रिपोर्ट येऊ दे.

संध्याकाळी रिपोर्ट आला. किडन्या जेमतेम काम करत होत्या. डॉक्टरांनी डोस खूपच कमी केला. बाहेर कॉरिडॉरमध्ये मला म्हणाले, "पूरा डोस चला जाता तो हालत और बिगड़ती।"

मी आत येऊन ताईला सांगितलं.

पण ताईचं लक्ष शेजारच्या बेडकडे. तिथे मुरार भागातल्या एक काकू होत्या. त्यांच्यासाठीही तोच टॅबलेट. सिस्टर आली की डोळे मिटून हात पुढे करायच्या.

"त्यांचे रिपोर्ट आलेत का, विचार ना."

मी विचारलं. आले होते. तरी ताईला चैन पडेना. काकूंच्या प्रत्येक इंजेक्शनला मला उठवायची. "जा, विचारून ये."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जुन्या टेस्ट काढल्या.

ताईने फार पूर्वी एक टेस्ट लिहिली होती. रिपोर्ट नसेल तर डोस दाखवायचा नाही, डॉक्टरांना विचारा असं सांगायचं. मध्यंतरी कोणीतरी कोड बदलला आणि रिपोर्ट नसेल तर किडनी नॉर्मल धरली जाऊ लागली. ताईची टेस्ट फेल झाली. व्हायलाच हवी होती.

एजंटने टेस्ट बदलली. शेजारी टीप लिहिली, अपेक्षित उत्तर सध्याच्या कोडप्रमाणे सुधारले.

हिरवी खूण.

त्याने काही लपवलं नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं. वाचलं नव्हतं कोणी.

मी ते दाखवल्यावर सरांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याच दिवशी सगळ्या हॉस्पिटलांना फोन केले, रिपोर्टशिवाय डोस दाखवणं बंद केलं, हे मान्य करायलाच हवं. कोणाला चुकीचा डोस गेला का? तक्रार तर आलेली नाही.

पण तक्रार करायला पेशंटला कळायला तर हवं.

काकू बऱ्या होऊन घरी गेल्या. ताई घरी नाही गेली. इन्फेक्शन हृदयापर्यंत पोचलं होतं.

आमच्या सॉफ्टवेअरमुळे ती गेलेली नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. मी दोनदा विचारलं म्हणून.

परवा तिच्या तोंडावर मास्क होता. मास्क बाजूला करून म्हणाली, "मला भीती वाटते ग, केतकी."

"काही होणार नाही, ताई."

"माझं सोड. मी नसले तर विचारणार कोण?"

मी तिचा हात चोळत बसले. 

काल स्मशानातून परतताना सरांचा मेसेज आला. नवं व्हर्जन सोमवारी द्यायचंय. एजंटच्या टेस्ट लिहून झाल्यात, सगळ्या पास आहेत, तू फक्त अप्रूव्ह कर.

मी लिहिलं, "सर, डोसच्या सगळ्या टेस्ट मी स्वतः वाचेन. तोपर्यंत अप्रूव्ह नाही करणार."

अजून उत्तर नाही.

आई म्हणते, नोकरी सांभाळ. तिचंही बरोबर आहे.  नोकरीची भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती ही, की मी वाचेन आणि तरीही एखादी माझ्या नजरेतून सुटेल. ताईसारखी नजर मला नाही.

तरी आज सकाळपासून वाचायला बसले आहे. पहिल्याच फाइलमध्ये एक प्रश्न सापडला आहे, वजन शून्य टाकलं तर काय, याची टेस्टच नाही; तो सरांना पाठवला.

मीनलताई, तुला शेवटचा नमस्कार. शांत झोप आता.